गॅलरीखालून पाहिलेली फायनल

एकतीस वर्षांत मी एकही सामना वर बसून पाहिलेला नाही. तरीही अख्ख्या मलप्पुरममध्ये माझ्याइतका फुटबॉल कुणाला कळत नाही, हे मी छातीठोक सांगतो. मी गॅलरी बांधतो. शेतं कापून झाली की आमच्याकडे सात-सात जणांचे सामने सुरू होतात आणि दोन हजार माणसं बसतील अशी गॅलरी मी पोफळीची खोडं आणि काथ्याचा दोर, एवढ्यावर उभी करतो. खिळा एकही नाही. लोक वर बसले की मी खाली शिरतो, खांबाखांबातून फिरतो, गाठींवर हात ठेवतो. डोक्यावर दिसतात ते फक्त पाय. टाचा उचलल्या की कॉर्नर मिळाला, बोटं आखडली की पेनल्टी, आणि सगळेच पाय एकदम दिसेनासे झाले की गोल. पेपरात ज्याला 'रंगतदार लढत' म्हणतात तिच्यात अर्धा वेळ लोक पायाला पाय घासत बसलेले असतात, हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं, मला असतं.

पाय ओळखायलाही मी शिकलो. न्हावी मूसाचा अंगठा नाही, पोस्टमन वासुदेवन चप्पल काढून मांडी घालतो, गल्फमधून परतलेला कुंजाप्पू कापडी बूट काही सोडत नाही.

यंदा फायनलच्या चार दिवस आधी पेपरात बातमी आली. दुसऱ्या जिल्ह्यात कुठं तरी गॅलरी कोसळली, साठ जण जखमी. मोडलेल्या बांबूंचा फोटो पान भरून. हमझाच्या चहाच्या दुकानात पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा मान माझा, पण त्या दिवशी वाचताना सगळे माझ्याच तोंडाकडे बघायला लागले. मी सांगितलं, फोटो नीट बघा, ते बांबू आहेत आणि बांधलंय प्लॅस्टिकच्या दोरीनं, असल्या बांधणीवर मी माझी कोंबडीसुद्धा बसवणार नाही. कुणी हसलं नाही. कमिटीचा सेक्रेटरी सैदलवी म्हणाला की पुढच्या वर्षी त्रिशूरहून लोखंडी गॅलरी भाड्यानं आणायचं चाललंय. वर त्यानं आणखी एक विचारलं.

"बीरानक्का, राग मानू नका. तुमच्या घरचं कुणी कधी तुमच्या गॅलरीवर बसलंय का?"

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की सुलेमानी चहा तसाच टाकून मी उठलो. कदियुम्मा, माझी बायको, हिला फुटबॉलचं काडीचं वेड नाही. वर्ल्ड कपच्या वेळी अख्खं गाव अर्जेंटिना की ब्राझील म्हणून भांडत असतं, तेव्हा ही दोघांच्याही पोस्टरखाली मिरच्या वाळत घालते. पण सेक्रेटरीला हे काय सांगणार? घरी येऊन मी तिच्यापुढे तडतडलो. ती सकाळच्या पुट्टूसाठी तांदळाचं पीठ चाळत राहिली.

त्याच रागाच्या भरात मी गॅलरीच्या पश्चिमेकडच्या तिसऱ्या खणाचं काम उरकलं, आणि इथंच माझं चुकलं. काथ्याचा दोर रात्रभर भिजवायचा आणि ओलाच बांधायचा, तरच गाठ धरते. हे मीच दहा गावांना शिकवलंय. त्या दिवशी मनात सैदलवीला उत्तरं देत देत मी एक दोर कोरडाच आवळला.

फायनल आमची रविवारी दुपारी साडेचारला असते. गॅलरी भरत होती आणि अचानक गलका थांबला. खांबांमधून डोकावलो तर कदियुम्मा. नेसलेली धुतलेली काच्ची, डोक्याला गुंडाळलेलं पांढरं मक्कन, हातात स्वतः काढलेलं तिकीट. सगळ्या गावादेखत ती सरळ वर चढली आणि पश्चिमेच्या तिसऱ्या खणात सर्वांत वरच्या रांगेत जाऊन बसली. दोन हजार डोळे मैदान सोडून तिच्याकडे. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं तुटतील असं वाटलं.

सामना सुरू होऊन वीस मिनिटं झाली असतील. त्याच खणातल्या आडव्या खोडावर हात ठेवला तर ते बोटभर खाली आलं होतं. गाठ कोरडी, सैल, आणि दर उडीबरोबर आणखी सुटत होती. लुंगीसारख्या मुंडूवरचा कमरेचा रुंद पट्टा काढून मी गाठीवर करकचून बांधला. पण पट्टा तो पट्टा, चाळीस माणसांचं ओझं तो किती वेळ धरणार? ओरडलो असतो तर दोन हजार लोक एकदम उठले असते आणि मग चांगल्या गाठींनीही हात टेकले असते. गोल झाला तरी तेच. जन्मात पहिल्यांदा मी अल्लाकडे मागितलं की आमच्या पोरांना गोल करू देऊ नकोस.

मग मला एकच सुचलं. खोडांवरून वर चढलो, नारळावर चढतो तसा, आणि फटीतून पायांना हात लावत एकेकाला खालूनच बातमी दिली. मूसाला सांगितलं, तुझी शेळी सैदलवीच्या केळीत शिरलीय. तो शिव्या देत उतरला. वासुदेवनला सांगितलं, जावई आलाय, दाराला कुलूप बघून परत निघालाय. कुंजाप्पूला सांगितलं, बाहेर तुझ्या गाडीला कुणी तरी घासून गेलंय. ज्याची जी दुखरी जागा, तिथं बोट. गावात राहून एवढं तरी माहीत असायला हवं. सात-आठ जण मुकाट्यानं उतरले, मागच्या बाजूनं, कुणाच्या लक्षातही न येता.

वरच्या रांगेत तिच्या टाचा दिसल्या. भेगाळलेल्या, हळदीसारख्या पिवळ्या. तिला काय थाप मारणार? खरं तेच सांगितलं.

"कदिया, गाठ सुटलीय. मागनं हळूच खाली ये."

तिनं मान वळवली नाही. ओठही फारसे हलले नसावेत.

"या खणात अजून किती जण आहेत?"

"तीसेक. तू आधी उतर."

"मी उठले तर सगळ्यांना कळेल. मघापासून सगळे मलाच बघतायत. तुम्ही बाकीच्यांना काढा."

"कदिया, ऐक माझं."

तिनं माझ्या बोटांवर आपली टाच ठेवली आणि बोटं हळूच फटीतून खाली ढकलली. बोलणं संपलं.

मी झपाट्यानं एकेक करून लोक काढत गेलो. कुणाला नळाला पाणी आल्याचं सांगितलं, कुणाला आई विचारतेय म्हणून. घामानं हात घसरत होते. आठ जण उरले असताना आमचा फॉरवर्ड एकटा पुढे सुटला. मला तो दिसत नव्हता, पण गॅलरीभर टाचा उचलल्या गेल्या. पट्ट्याचं बक्कल करकरलं. वर बघितलं तर तिच्या टाचा खोडाला चिकटलेल्या, दोन्ही, तशाच. चेंडू गोलच्या खांबाला लागला असावा, कारण सगळ्या गॅलरीतून एकच उसासा आला आणि पाय खाली आले. मी तेव्हा रडत होतो, आणि त्याची मला लाज नाही.

शेवटचे आठ जण काढले. मग ती उठली, मक्कन नीट केलं आणि बाजारातून परतायचं असावं तशी सावकाश उतरली. ती जमिनीवर आली आणि पाचव्या मिनिटाला खोड सुटून धाडकन खाली आलं. रिकामा खण वाकडा झाला. एवढंच.

सामना थांबला. सैदलवी धावत आला, मागं कमिटी, मागं गाव. मला चार सबबी देता आल्या असत्या, दोर जुना होता, लोक जास्त होते. मी सगळ्यांदेखत सांगितलं की दोर मी कोरडा बांधला, चूक माझी, पुढच्या वर्षी खुशाल लोखंडी आणा. पायांवरून माणसं ओळखणाऱ्या मला त्या वेळी कुणाच्या तोंडाकडे बघवेना. मग एकानं विचारलं, एवढी माणसं उतरली तरी आम्हाला कळलं कसं नाही?

"कारण ही वर बसून होती," मी म्हणालो. "हिला माहीत होतं. शेवटचा माणूस उतरेपर्यंत बसून होती."

सैदलवीनं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि कदियुम्मासाठी स्वतः खुर्ची आणली. ती बसली नाही. म्हणाली, घरी मासे तसेच पडलेत, मांजर खाईल. आणि मग तिनं सगळ्या गावासमोर माझा खांदा धरला.

एरवी रस्त्यानं मी पुढं चालतो आणि ती दहा पावलं मागं. त्या दिवशी ती पुढं निघाली आणि मी कंबरपट्ट्याशिवाय, मुंडू हातानं सावरत, तिच्या मागं. येणारा-जाणारा थांबून बघत होता. हातात मुंडू नसता ना, तर एकेकाला धरून सांगितलं असतं, नीट बघ, ही माझी बायको आहे.