माळ्यावरची एकतीस घरं

धरमतर खाडीच्या काठी कोळखार नावाचं एकतीस घरांचं गाव आहे. पौष महिन्यात त्यातल्या प्रत्येक घराला एकेक डबा मिळाला. पांढरा, चहाच्या बशीएवढा, मधोमध हिरवा दिवा. योजनेचं नाव ‘गावसाखळी’. ती समजावून सांगायला रोह्याला लागून असलेल्या वरसे गावातल्या ऑफिसातून मृणाली आली होती.

“रोज दुपारी तीन वाजता डब्यातली बाई प्रश्न विचारेल,” देवळासमोर उभी राहून ती म्हणाली. “तुम्ही आपल्या बोलीत उत्तर द्यायचं. ती ते सरकारी मराठीत उतरवेल आणि एकाच वेळी सगळ्या डब्यांत लिहिलं जाईल. म्हणून कुणा एकाला खोडता येणार नाही. सोळा घरं हो म्हणाली की ठराव पास आणि मंजुरी आपोआप. मधे सही नाही, शिक्का नाही. ह्याचा मालक कुणीच नाही.”

“मालक नाय तं बिघडल्यावर शिव्या कोनाला घालायच्या?” कान्हूने विचारलं.

मृणालीने प्रश्न वहीत लिहून घेतला आणि वरिष्ठांना कळवते म्हणाली.

डब्यातल्या बाईचा आवाज कुणा शिकल्यासवरल्या मुलीचा होता, पण शब्द हौसाचे होते. यंत्राला खाडीकाठची बोली शिकवायची म्हणून मागच्या वर्षी मृणालीने हौसाला अकरा दिवस वरसेला नेलं होतं. पंखा बंद करून, दारं लावून, समोर माइक ठेवून ती म्हणायची, “मावशी, तुम्ही नुसतं बोला.” साठ वर्षांच्या आयुष्यात हौसाला असं कुणी म्हटलं नव्हतं. मिठागरात चाळीस वर्षं घालवलेली बाई ती. ती बोलत सुटली. मीठ कसं धरतं, कुठल्या घरात कोण कुणाशी बोलत नाही, नवरा गेला त्या दिवशी ओहोटी किती लांब गेली होती, सगळं. आता डबा “काय म्हनतंस गो?” असं विचारायचा, तेव्हा तिला वाटायचं, आपण शेजारच्या खोलीत बसलोय आणि इकडे आपल्यालाच हाक मारतोय.

हौसाच्या दोन शेतांत दोन वर्षांपासून खाडी येऊन बसली होती. समुद्राचं पाणी अडवणारा मातीचा बांध तिच्या घरामागे फुटला होता. त्या भगदाडाला गावात खांड म्हणतात. प्रत्येक उधाणाला खांडीतून खारं पाणी आत यायचं, जाताना खारफुटीचं बी ठेवून जायचं. रोपं आता घोट्याएवढी झाली होती. ती गुडघ्याएवढी झाली की शेताचं जंगल होतं आणि मग त्याला कायद्याने हात लावायची सोय राहत नाही, हे शेजारच्या गावात सगळ्यांनी पाहिलं होतं. अमावास्येच्या उधाणाआधी खांड बुजली तर शेत वाचणार होतं. त्यासाठी ठराव हवा होता: जवळच्या कंपनीचं पोकलेन एक दिवस आणि घरटी एक माणूस.

गाव हो म्हणेल अशी तिला आशा होती. पण गावाने एक चूक केली, आणि ती अगदी शहाणपणाने केली.

खांड पडल्यापासून कोळखारची एक रीत झाली होती. पौर्णिमा-अमावास्येच्या आधी मोलाचं सामान हैबतरावांच्या माळ्यावर न्यायचं. गावात दुमजली घर तेवढं एकच. रेशनकार्डं, सातबारे, लग्नातल्या साड्या, पोरांची प्रमाणपत्रं, सगळी गाठोडी वर जायची आणि पाणी ओसरलं की खाली यायची. माघी पौर्णिमेला डबेही गेले. गाठोडी परत आली, डबे मात्र राहिले. एक तर तिथे इन्व्हर्टर होता, रेंज चांगली होती. शिवाय डबा नेमका तीन वाजता बोलायचा आणि ती गावाची झोपेची वेळ.

अशा रीतीने मालक नसलेला कारभार हैबतरावांच्या माळ्यावर रांगेत मांडला गेला. हैबतरावांचा त्यात काही डाव नव्हता. ते दुपारी खाडीच्या वाऱ्याला माळ्यावर लवंडायचे, एवढंच. एके दिवशी एकतीस डब्यांनी एका सुरात विचारलं, “खांड बुजवायची का गो?” हैबतराव कुशीवर वळून म्हणाले, “ऱ्हाऊ दे. जिताडा चांगला येतोय.”

खांडीतून शिरलेल्या पाण्यात जिताडा मासा खरंच चांगला येत होता.

दुसऱ्या दिवशी ठराव प्रसिद्ध झाला: ‘सदर खांड मत्स्यहितार्थ कायम ठेवण्यात यावी. बाजूने एकतीस, विरोधात शून्य.’ सोबत रोह्याहून अभिनंदनाचं पत्र आलं. एवढं एकमत जिल्ह्यात कुठेच झालं नव्हतं.

हौसा एसटीने वरसेला गेली.

“खोडून टाक गो,” ती म्हणाली.

“खोडता येत नाही मावशी, तेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे.”

“अगं, पन बोलला एकच मानूस. एकतीस घरांचा आवाज सारखा कसा, ते तुज्या यंत्राला कललं नाय?”

“आवाज ओळखायचा नाही असं आम्ही मुद्दाम ठरवलं. लोक बिचकतात. आम्ही पत्त्यावर विश्वास ठेवतो.”

“नि पत्ता कुठं हाय?”

“डब्याच्या बुडाला छापलाय.”

मग मृणालीने फेरविचाराचं बटण दाबलं. ते एका ठरावाला एकदाच दाबता येत होतं. “उद्या तीन वाजता पुन्हा विचारेल, ह्या वेळी एकेका घराला पाळीने. डबे तेवढे ज्याच्या त्याच्या घरी न्या.”

उद्या अख्खं गाव गागोद्याला लग्नाला जाणार होतं. कान्हूच्या भाचीचं लग्न. दुसऱ्या दिवशी दुपारी हौसा डबे घरोघर पोचवायला टोपली घेऊन निघाली, तेव्हा प्रत्येक दाराला कुलूप होतं. उघडं होतं ते फक्त हैबतरावांचं घर. त्यांच्या सुनेचे, नूतनचे, दिवस भरत आले होते म्हणून ती मागे राहिली होती. “जा गो वर,” ती म्हणाली, “पन मोठ्यानं बोलू नको, मी जरा पडतंय.”

माळ्यावर कौलांखाली ऊन साठलं होतं. खालच्या पाण्याची तिरीप कौलांच्या पोटावर हलत होती, त्यामुळे माळाच संथ तरंगत असल्यासारखा वाटत होता. एकतीस हिरवे दिवे. हौसा मधोमध बसली. एकतीस वेळा ‘हो’ म्हणायचं आणि घरी जायचं, असं तिने ठरवलं होतं.

तीन वाजले. “घर नंबर एक,” बाई म्हणाली, “खांडीचं काय म्हनतंस गो?”

घर नंबर एक कान्हूचं. हौसाने तोंड उघडलं आणि आतून कान्हूच बाहेर आला. “बुजवा की. पन गेल्या येली चिखलात पयला मी उतरलो नि जेवायला शेवटी बसलो. तसलं चालनार नाय.”

तिचं तिलाच हसू आलं. पण दोन नंबरला नुसतं हो म्हणणं आता बरं दिसेना. दोन आणि तीन नंबरचे सख्खे भाऊ, रघू आणि सखा, भिंतीला भिंत लावून राहायचे आणि एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. रघूच्या वतीने ती म्हणाली, “बाजूचा हो म्हनत असंल तर आमचं नाय.” सखाच्या वतीने म्हणाली, “बाजूचा नाय म्हनत असंल तर आमचं हो.” बंद पडलेल्या घरांपाशी ती गप्प राहिली. डब्याने वाट पाहिली, पाण्याचा आवाज ऐकला आणि ‘मौन’ अशी नोंद केली. हैबतरावांच्या पाळीला ती ताठ बसली. त्यांच्या वतीने खोटं बोलायला तिची जीभ वळेना. उलट, ते झोपेत बोलले होते त्यापेक्षा नीट बोलली: “जिताडा हा ह्या खारेपाटाचा मान हाय. भात काय, कुठंबी पिकतं. माजा विरोध हाय.”

घरामागून घर जात होतं. कोण नको म्हणेल ते तिला ठाऊक होतं, आणि ती नको म्हणत होती. बोटांवर हिशेब चालला होता. तीस घरं झाली, तेव्हा हो पंधरा, नको बारा, मौन तीन.

“घर नंबर एकतीस,” बाई म्हणाली. “तुजं काय म्हननं?”

इतका वेळ ती सगळी माणसं होती. आता स्वतःचा आवाज कुठे ठेवलाय ते सापडत नव्हतं. तिरीप कौलांवर हलत राहिली. मौनाची नोंद व्हायला किती वेळ लागतो, ते तिने तीनदा पाहिलं होतं.

“माजं शेत हाय तितं,” ती घाईने म्हणाली. “त्याच्यात मना भात बघायचाय.”

“हे हो समजू?”

“समज.”

लग्नाहून परत आल्यावर गावाने घरोघरच्या म्हणण्यासकट ठराव वाचला. आपण कधी बोललो, हे कुणी विचारलं नाही. “मी असंच बोल्लोवतो,” कान्हू म्हणाला. “पंगतीत बोल्लो असंन.” रघू आणि सखा एकमेकांचं म्हणणं वाचून इतके तापले की कामाला दोघेही आले, आणि खांडीच्या दोन टोकांना उभे राहिले. हैबतरावांनी आपला विरोध नूतनकडून दोनदा वाचून घेतला. “हरलो,” ते म्हणाले, “पन मुद्दा बघा कसा मांडलाय.” मृणालीने फोन करून सांगितलं की सोळा विरुद्ध बारा हा आकडा रोह्यात फार आवडला, यंत्राला माणसं कळू लागल्याचं ते लक्षण मानलं गेलं.

अष्टमीला पाणी मवाळ असतं. सकाळी पोकलेन आलं, ओहोटीत माती पडली, घरटी एक माणूस उतरला आणि दुपारनंतर खांड मिटली. लोक जेवायला गेले. हौसा नाही गेली. बांधाच्या आतल्या बाजूला, खारफुटीच्या दोन-दोन पानांमध्ये ती उभी राहिली. संध्याकाळी पलीकडून भरती आली. ओल्या मातीवर वीतभर चढली, थांबली, जराशी विचारात पडल्यासारखी झाली आणि परतली.

हौसाने मातीला हात लावून पाहिला. एका भरतीचं काही खरं नसतं. ती बांधावर चढून बसली, दुसरीची वाट बघत.