एका प्रवाशाची फेरी

थाप एकच पडली, दारावरच्या पत्र्यावर, आणि ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडीभर माणसं पुढे झुकून मागे आली. सहलीच्या मॅनेजरच्या हातातला माइक कुणाच्या तरी मांडीवर पडला आणि तिथेच खरखरत राहिला.

ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं.

"एक उतरतेय," दाराजवळच्या सीटवरून उठत कंडक्टरबाई म्हणाल्या.

हे नाव त्यांना सहलीच्या दुसऱ्याच दिवशी पडलं होतं. चहाला गाडी थांबली की त्या सगळ्यांच्या आधी उठत, दाराशी उभ्या राहत आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला "सावकाश, पायरी उंच आहे" म्हणत. कुणीतरी विचारलं तेव्हा कळलं, की बाईंचं अर्धं आयुष्य सरकारी बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेलंय आणि निवृत्त होऊन अजून वर्षही झालेलं नाही. मग काय, येता-जाता लोक त्यांच्यासमोर पास दाखवल्याचा आव आणू लागले. बाई हसत. पहिले दोन दिवस मनापासून, नंतर रिवाज म्हणून.

थाप मारण्याआधी घडलं ते एवढंच. गाडी जुन्या गावाच्या कमानीपाशी आली. कमानीखाली गाईड उभा होता. साठीकडे झुकलेला, कोटाची सगळी बटणं लावलेला, एका हातात काठीला बांधलेला पिवळा झेंडा, दुसऱ्या हातात लाकडी पेटी. मॅनेजरने दार अर्धंच उघडायला लावलं आणि वरूनच सांगितलं, की आज पायी फेरी नको, सगळी पार्टी बोटीला चाललीय. गाईडने का म्हणून विचारलं नाही. त्याने नुसती मान हलवली आणि झेंडा काठीभोवती गुंडाळायला घेतला. टोकाला टोक जुळवून, सुरकुती न पडू देता. रोजचीच सवय असल्यासारखा.

ते गुंडाळणं बाईंनी खिडकीतून पाहिलं. गाडी निघाली आणि त्यांचा हात पत्र्यावर गेला.

तसं त्या फेरफटक्यावर बाईंचा डोळा घरून निघण्याआधीपासून होता. दिराने तीन सहलींची माहितीपत्रकं टेबलावर पसरली होती. भाऊजी हौशी माणूस. थोरला भाऊ गेल्यापासून वहिनीला कुठे न्यायचं, काय खिलवायचं, कुठल्या डॉक्टरला दाखवायचं हे ठरवण्यात त्यांना कर्तव्य केल्याचं समाधान मिळे. दोन सहलींत हॉटेलं चांगली होती. तिसरीत तलावाचा फोटो होता आणि त्याखाली एक ओळ होती: जुन्या गावातून गाईडसोबत पायी फेरफटका. बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. भाऊजींना वाटलं, वहिनींना तलाव आवडला.

त्या ओळीपुढे ऑप्शनल असं लिहिलेलं नव्हतं. जादा पैसे भरून घ्यायच्या ऑप्शनलची यादी मागच्या पानावर होती आणि गाडीत रोज संध्याकाळी तिच्यावर खल चाले. हे घ्यावं की ते, कुठला गाईड बरा, कुठल्या ठिकाणी नुसतं उन्हात उभं करतात. भाऊजींचं मत पक्कं होतं: ऑप्शनल म्हणजे खरं तर कंपल्सरी, कारण न घेणाऱ्याला जन्मभर चुटपुट लागते. धाकट्या जावेचा हिशोब फोटोवर चाले. फोटो बरे येणार असतील तर जायचं. बाई ऐकत राहायच्या आणि दोघांच्या मागून जायच्या. रोपवेवर गेल्या, वर धुकं होतं, तासभर त्यांना एका जाड्या गृहस्थाच्या जाकिटाची पाठ दिसली. तिथला गाईड विनोद सांगण्याआधी स्वतःच हसून घेई. गालिच्यांच्या कारखान्यात गेल्या. तिथल्या गाईडची नजर धाग्यांपेक्षा बायकांच्या पर्सवर जास्त होती. बाईंनी दोघांनाही मनातल्या मनात नापास केलं आणि आजच्या दिवसाची वाट पाहिली.

आता त्या पायरीवर उभ्या होत्या आणि मॅनेजर गोड आवाजात समजावत होता. बोटीवर जेवण आहे, गाणी आहेत, नाच आहे. जुन्या गावात काय, भिंती आणि पायऱ्या. मॅडमच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही, हे तो मॅडमच्याच भल्यासाठी सांगत होता.

"बोट ऑप्शनल आहे," बाई म्हणाल्या. "हे सहलीतच धरलेलं आहे. मी धरलेलं बघायला आलेय."

"अहो पण मॅडम, एका माणसासाठी कशी करणार फेरी?"

हा प्रश्न बाईंना नवा नव्हता. नोकरीत असताना एका रणरणत्या दुपारी डेपोतल्या साहेबांनी हेच विचारलं होतं. स्टँडवर प्रवासी म्हणजे एक म्हातारी आणि तिच्या काखेत एक कोंबडी. एका म्हातारीसाठी गाडी काय सोडायची, रद्द करा म्हणाले. बाई सरळ चढल्या आणि गाडी सोडायची डबल बेल मारली. त्यापायी पुढे महिनाभर त्यांच्या वाट्याला डेपोतली सगळ्यात खटारा गाडी आली. म्हातारी मात्र पोचली, कोंबडीसकट. म्हणजे स्टॉपपर्यंत पोचली. पुढचं कुणी पाहिलंय?

बाईंना छळत आलं होतं ते हेच. इतकी वर्षं त्यांनी माणसं उतरवली. शेकडो थांबे त्यांना झोपेत पाठ होते, पण प्रत्येक थांब्याचा खांब आणि त्यामागचं चार हात जगच तेवढं माहीत. माणूस उतरे, पिशवी सावरे, गल्लीच्या तोंडाशी जाई, आणि डबल बेल मारायची वेळ होई. तो कुठे वळला, कुठल्या दाराशी थांबला, आत कोण वाट बघत होतं, हे एकदाही दिसलं नाही. नवऱ्याला एकदा बोलून दाखवलं तर तो म्हणाला, तुला गं काय करायचंय? तेव्हापासून कुणाला सांगितलं नव्हतं.

"गाडी सुटायला एक प्रवासी पुरतो," त्या मॅनेजरला म्हणाल्या. "तो मी आहे."

मागून कुणीतरी सुस्कारा सोडला. कुणीतरी घड्याळ पाहिलं. भाऊजी सीटांना धरत धरत दारापर्यंत आले आणि आवाज खाली आणून बोलू लागले.

"वहिनी, चारचौघांत शोभा कशाला? आम्ही घेऊन आलोय तुम्हाला. उद्या काही झालं तर लोक आम्हाला विचारणार."

"तुम्ही घेऊन नाही आलात, भाऊजी. आपण बरोबर आलो."

भाऊजींचा चेहरा पडला. बाईंना वाईट वाटलं, पण शब्द परत घेण्याइतकं नाही.

"दादा असता ना," ते म्हणाले, "तर त्यानं तुम्हाला चांगलं सुनावलं असतं."

"तुमचे दादा असते तर बोटीवर गेले असते. सगळ्यात पुढे बसून गाणी म्हटली असती त्यांनी. आणि मी इथंच उतरले असते."

ते खरं होतं. थोरल्याला गाण्याचं वेड होतं आणि गळा नव्हता.

"सोडा हो," जाऊ सीटवरून म्हणाली. "ताईंची ड्यूटी कुठे संपलीय? रिटायर नुसत्या नावाला झाल्यात." असं म्हणता म्हणता ती उठली आणि स्वतःची पाण्याची बाटली ताईंच्या पिशवीत खुपसून परत जाऊन बसली.

परतताना याच कमानीपाशी घेऊ, असं मॅनेजरने नाइलाजाने कबूल केलं. उशीर करू नका, हे मात्र दोनदा बजावलं. बाई उतरल्या. दार लागलं. ड्रायव्हर काचेतून त्यांच्याकडे बघत राहिला, गाडी काही हलवेना. बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी बाहेरून पत्र्यावर दोन थापा मारल्या, टक टक, आणि एवढी मोठी वातानुकूलित गाडी गुमान निघून गेली.

गाईड धुरळ्यात उभा होता. झेंडा गुंडाळलेलाच.

"एकच?" त्याने विचारलं.

"एकच."

त्याने झेंडा सोडला. पेटी उघडली. आत गळ्यात अडकवायची छोटी यंत्रं आणि त्यांना कानात घालायची बोंडकी, ओळीने निजवलेली. गाईडच्या ओठांपाशी माइक, तो बोलेल ते लांब रेंगाळणाऱ्यालाही कानात ऐकू येतं, अशी व्यवस्था. बाई त्याच्यापासून हातभर अंतरावर होत्या. तरी त्याने यंत्र दिलं आणि बाईंनी ते घातलं. नियम म्हणजे नियम, हे दोघांनाही कुणी सांगायला नको होतं.

तो उलटा चालू लागला, पाठीकडे रस्ता आणि तोंड बाईंकडे, आणि घोगऱ्या आवाजात, जणू गाडीभर लोकांना, सांगू लागला. मंडळी, मागे कुणी राहू नका. त्याने बाईंच्या खांद्यावरून मागे नजर टाकली. बाईंनीही वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं, म्हणून दोघं पुढे निघाले.

कमान कुणी बांधली, आगीत काय काय जळलं, कुठल्या खिडकीतून कोण पळून गेलं, सगळं त्याला घडाघडा पाठ होतं. विनोद आला की तो हसण्यापुरता थांबे. पहिल्याला बाई हसल्या. दुसऱ्याला नाही हसल्या. तो थांबूनच राहिला.

"जमला नाही का?"

"तुम्ही पुढचं सांगा," बाई म्हणाल्या. "मला एक सांगा, हे निळं दार कुणाचं?"

निळं दार त्याच्या पाठांतरात नव्हतं. ते एका चष्मेवाल्याचं होतं, त्याला स्वतःला कधी नीट दिसलं नाही. त्यापलीकडचं त्याच्या मावशीचं. मावशी वारली, आता भाडेकरू, दार आपटणारे. तिसरं कायम बंद. बाई विचारत गेल्या, तो सांगत गेला, आणि कधीतरी तो वळून सरळ चालायला लागला, त्यांच्या बरोबरीने. हल्ली बहुतेक गाड्या फेरी रद्दच करतात, हे त्याने तक्रार न करता सांगितलं. बोटीशी कोण भांडणार? बोटीला गाणी आहेत. पण रोज तो कमानीखाली येऊन उभा राहतो. न येता फेरी रद्द झाली तर ती त्याने रद्द केली असं होईल. रद्द करायची तर ती गाडीवाल्यांनी केली पाहिजे.

हे बाईंना पटलं. इतकं पटलं, की पुढच्या सबंध गल्लीतली दारं विचारायची राहूनच गेली.

फेरीचा शेवट चौकातल्या मनोऱ्यावर होता. अरुंद, गोल जिना, कठडा नाही. वरून सगळं गाव दिसतं. गाईड म्हणाला, खालूनच बघितलं तरी चालतं, बहुतेक लोक तेच करतात. बाईंनी पदर खोचला आणि चढायला सुरुवात केली. पहिलं वळण आलं तोवर उजवा गुडघा बोलायला लागला, दुसऱ्या वळणाला डावा. वर्षानुवर्षं हलत्या गाडीत उभं राहून झिजलेले गुडघे ते, हट्टाने थोडेच भरून येणार? बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मग बसत बसत, एकेक पायरी करून खाली आल्या आणि मनोऱ्याच्या दाराबाहेरच्या दगडावर टेकल्या.

गाईड पुढे होऊन म्हणाला, की काही हरकत नाही, इथेच संपवू.

"संपवायचं कशाला? फेरी पुरी करा," बाई म्हणाल्या. "तुम्ही जा वर. मी आहे इथं."

"मी एकटा?"

"मला ऐकू येतंय ना."

त्याने क्षणभर बाईंकडे पाहिलं, कोट सारखा केला आणि गेला. बाईंच्या कानात पावलं वाजत राहिली, मग नुसता श्वास. मग वारा.

"मंडळी," कानातला आवाज म्हणाला, "समोर आहे तो तलाव." थोडं थांबून तो हळू झाला. "तुमची बोट काठाला लागलीय. तुमच्या गाडीचं छप्पर धुवायला झालंय." पुरे झालं की हात वर करा, म्हणजे उतरतो, असं त्याने सांगितलं. मग तो बघत गेला आणि सांगत गेला. एका गच्चीवर उशा वाळत घातल्यात, त्यांत एक माणूस झोपलाय. चष्मेवाल्याच्या कौलांवर चेंडू अडकलाय. मावशीच्या अंगणात भाडेकरूंनी मिरच्या लावल्यात, चांगल्या आल्यात, हे त्याला आजच कळलं.

"तुमची गाडी कमानीपाशी आली," तो म्हणाला. "सगळे आत आहेत. तुमचा मॅनेजर खाली उतरून घड्याळ बघतोय. एक गृहस्थ कमानीतून आत डोकावतायत."

ते भाऊजी असणार. लांबून हॉर्न वाजला. चौकातली कबुतरं उडाली आणि परत बसली. उभ्या आयुष्यात बाईंनी एकही गाडी स्वतःसाठी खोळंबवली नव्हती.

"त्यांच्या मागे साधी बस येऊन थांबलीय," आवाज म्हणाला. "रोजचीच. एक बाई उतरतेय. दोन पिशव्या आहेत. बस गेली." पुन्हा हॉर्न, या वेळी लांबलचक. आवाज अडखळला. "तुम्हाला बोलावतायत. हात करा, मी येतो खाली."

बाईंनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि एकात एक गुंतवून ठेवले.

 त्याने खाली पाहिलं असावं.

"बरं," तो म्हणाला. "ती बाई कमानीतून आत आली. जड असाव्यात पिशव्या, हात बदलतेय. आता गल्लीत वळली. चालतेय."