चौदा महिने आणि एक फोन

व्हर्ना टॉलिव्हर वॉशिंग्टनमध्ये एका सिनेटरच्या कचेरीत बावीस वर्षं फोन घेत होती. एका गुप्तहेराचं नाव वर्तमानपत्रात फुटलं, चौकशीला खास सरकारी वकील नेमले गेले, आणि बिचाऱ्या व्हर्नाला तिसऱ्यांदा बंद दाराआड ज्यूरीपुढे, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांपुढे, उभं राहावं लागलं. तिचा वकील बाहेर बाकावर. आत त्याला मज्जाव.

खास वकील लाइल ब्रॅनिगन माणूस सचोटीचा, पण सुतावरून स्वर्ग गाठणारा.

“बाई, ते नाव छापणाऱ्या पत्रकाराचा तुमच्या कचेरीत फोन जेवणाआधी आला, असं तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत. नंतर म्हणालात, जेवण झाल्यावर. यातलं खोटं कुठलं?”

“खोटं कुठलंच नाही, साहेब. एक चुकलंय. कुठलं, तेच आठवत नाही.”

दोन ज्यूरी उगाचच खोकले.

“शपथेवर खोटं बोललं तर पाच वर्षं तुरुंग आहे!”

व्हर्नाची जीभ काही गप्प बसेना. “तुम्ही मला इथं पहिल्यांदा बोलावलंत, तो वार कोणता हो?”

“बुधवार,” ब्रॅनिगन ताडकन म्हणाले.

“गुरुवार!” मागच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या ज्यूरीबाई कडाडल्या. “माझी दाताच्या डॉक्टरची वेळ हुकली त्या दिवशी. दाढ अजून ठणकतेय!”

हसू दाबता दाबता ज्यूरींची पुरेवाट झाली. मग त्यांचे प्रमुख, निवृत्त बसचालक पेटिफर्ड, यांनी विचारलं, “साहेब, ते नाव फोडलं कुणी, हे तरी कळलं का?”

ब्रॅनिगननी कागद सारखे केले. “एका उपमंत्र्यांनी. पहिल्याच महिन्यात कबूल केलं त्यांनी. बोलण्याच्या ओघात निघून गेलं, म्हणून गुन्हा बसत नाही.”

“मग चौदा महिने आपण साप साप म्हणून भुई धोपटतोय?”

दुपारी ज्यूरीने व्हर्नावर आरोप ठेवायला साफ नकार दिला. जिन्यात ब्रॅनिगन भेटले.

“बाई, खोटं बोलणाऱ्याला सोडलं, तर उद्या खरं कोण बोलेल?”

त्यांचं अगदीच चूक नव्हतं, हे व्हर्नालाही पटलं. “खरंय, साहेब. पण विसराळू माणसांना तुरुंगात घालायला निघालात, तर आत जागा पुरेल का?”

ब्रॅनिगन पहिल्यांदाच हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सिनेटरच्या माळ्याला समन्स पाठवलं.