चार चमचे पेज

फुलाबाईला लकवा मारला तेव्हा आम्ही भात सोंगत होतो. तिच्या हातातला विळा गळून पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ती बांधाला टेकून बसली. मी म्हणालो, चक्कर आली असेल, तोंडावर पाणी मारा. पण आमची लेक ललिता सोंगणीला म्हणून घोटीहून आलेली होती. तिनं आईला दोन्ही हात वर करायला लावले. उजवा उठेना.

"दादा, चक्कर नाय ही. गाडी बोलवा," ती मला ओरडून म्हणाली, आणि दोन तासांत आम्ही नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात होतो.

डोक्यातल्या शिरेत रक्ताची गाठ अडकली होती. वेळेत आणलं म्हणून ती विरघळवायचं इंजेक्शन देता आलं. दुसऱ्या दिवशी फुलाबाईची उजवी बोटं हलली. ज्योत्स्ना सिस्टरनं मला हाक मारून ती दाखवली, जणू तिच्याच घरात काही चांगलं घडलं होतं.

ज्योत्स्ना सिस्टर देवळ्याकडची, चाळिशीतली बाई. तोवर मला वाटायचं, दवाखान्यात बरं करतात ते डॉक्टर आणि सिस्टर म्हणजे सुई टोचणारी. डॉक्टर दिवसातून दोनदा येत. बाकी सगळा वेळ हीच. दर दोन तासांनी फुलाबाईला कुशीवर वळवायची, म्हणजे पाठीला जखमा होऊ नयेत. बोटाला कापूस गुंडाळून तिचं तोंड आतून पुसायची. वळवायला तिनं मलाही शिकवलं.

"बाबा, पोतं नाही ते. खांद्याला आणि कमरेला धरा. भाताचे भारे असेच फेकता का?"

"भारे बोलत नाय ना."

"मावशीही बोलत नाहीत, म्हणून तर तुमचं चाललंय."

फुलाबाईच्या तोंडाचा चांगला कोपरा हलला. ती हसली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं तिला ताठ बसवलं, चमचाभर पाणी पाजलं आणि गळ्यावर दोन बोटं ठेवली. "मावशी, आ म्हणा." आवाज आला तो भरल्या घागरीत पाणी हलावं तसा. सिस्टरनं नकारार्थी मान हलवली.

"गिळणं अजून जमत नाही. घसाही एका बाजूनं दुबळा झालाय. पोटात जायचं ते छातीत जाईल. तोपर्यंत नाकातल्या नळीनंच. उद्या परत बघू. बाबा, पाण्याचा थेंबसुद्धा तोंडानं द्यायचा नाही, कळलं?"

मी हो म्हणालो. पलंगाच्या डोक्याशी पुठ्ठ्याची पाटीही टांगलेली होती. 'तोंडाने काहीही देऊ नये.' मी ती सावकाश वाचली. साठी ओलांडल्यावर मी गावच्या साक्षरता वर्गात अक्षरं शिकलो. तेव्हा फुलाबाई म्हणायची, "आता काय तलाठी व्हायचंय?"

त्या दुपारी ललिता डबा घेऊन आली. नव्या इंद्रायणीचा थोडा तांदूळ तिनं घरी कांडला होता, त्याची पेज केली होती. आमच्या घरात नव्या भाताचा पहिला घास घरधनिणीच्या तोंडी जातो. मग बाकीचे जेवतात. चाळीस वर्षांत यात कधी खंड पडला नव्हता.

"आईला नळीतून देतील का, विचारते," म्हणून ललिता डबा माझ्याजवळ ठेवून औषधं आणायला खाली गेली. सिस्टर पलीकडच्या पलंगावर नव्या पेशंटला घेत होती.

मी डब्याचं झाकण काढलं. वास गेला तसे फुलाबाईचे डोळे डब्याकडे वळले. तिनं ओठ उघडले.

मला नळीतून द्यायचं नव्हतं. नळीला चव नसते. मनात आलं, पाण्याचा ठसका लागत असेल, पेज दाट असते, ती सरळ उतरेल. पलंगाची डोक्याकडची बाजू सिस्टरनं थोडी वर ठेवली होती, तेवढी मला पुरेशी वाटली. मी एक चमचा दिला. ठसका लागला नाही. दुसरा दिला. चौथ्या चमच्याला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती समाधानानं रडते आहे असं मला वाटलं. मी तिचं तोंड तिच्याच पदरानं पुसलं आणि उरलेली पेज पिऊन टाकली. ललिता परतल्यावर तिला सांगितलं, पेज मीच प्यायलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला ताप भरला. श्वास घरघरायला लागला. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि सिस्टरला विचारलं, "दूध देताना नळी जागेवर आहे का ते तपासलं होतं?"

"प्रत्येक वेळी, सर."

"मग हे फुप्फुसात गेलं कुठून? लेखी खुलासा द्या."

डॉक्टर गेल्यावर सिस्टर माझ्याजवळ आली. "बाबा, खरं सांगा. कोणी तोंडानं काही दिलं का?"

ललिता शेजारी उभी होती.

"नाय," मी म्हणालो.

त्या दिवशी दिवसभर मी सिस्टरला बघत राहिलो. ती फुलाबाईच्या पाठीवर हाताची ओंजळ करून थापट्या मारत होती, नळीनं छातीतला कफ ओढत होती. मला एकदाही वेडंवाकडं बोलली नाही. वळवताना मीच हात मागे घेतला तर म्हणाली, "धरा की बाबा, तुमचा हात त्या ओळखतात."

पाचव्या दिवशी दुपारी ती टेबलाशी बसून खुलासा लिहीत होती. दोन ओळी लिहायची, खोडायची. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"मी दिली पेज. परवा दुपारी."

तिनं पेन खाली ठेवला. "किती?"

"चार चमचे."

"ठसका?"

"नाय लागला. म्हणून तर दिली."

"ज्याला ठसका लागतो त्याचा घसा निदान राखण करत असतो, बाबा," ती म्हणाली. "लागत नाही त्याचीच भीती असते." ती उठली आणि जवळजवळ पळतच डॉक्टरांकडे गेली.

अर्ध्या तासात औषध बदललं. डॉक्टर मला म्हणाले, "काल सकाळी सांगितलं असतं तर हे कालच सुरू केलं असतं." एवढंच म्हणाले.

सिस्टर परत टेबलाशी आली. कागदाकडे बघत म्हणाली, "तुम्हाला वाचता येत नाही ना? पाटी वाचता आली नाही असं लिहिते. मग तुम्हाला कोणी बोलणार नाही."

तिनं माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. गावाकडं माझ्या वयाच्या कुणाही माणसाबद्दल ते खरं ठरलं असतं.

"येतं वाचता," मी म्हणालो. "वाचली होती. तुम्ही सांगितलं तेही ऐकलं होतं."

तिनं तसंच लिहिलं. खाली मी सही केली.

"ललिताताईंना मी सांगणार नाही," ती म्हणाली. "ते तुम्हीच सांगायचं."

मी सांगितलं नाही. नव्या औषधानं ताप उतरेल, मग सांगू, असं म्हणत राहिलो. सहाव्या दिवशी ताप थोडा उतरलाही. फुलाबाईनं डोळे उघडले, मला बघितलं आणि हललेल्या त्या बोटांनी माझा अंगठा धरला. सातव्या दिवशी श्वास पुन्हा चढला. आठव्या दिवशी सकाळी, सिस्टर तिला कुशीवर वळवत असताना, ती गेली.

सिस्टरनं तिला अर्ध्यात सोडलं नाही. पुरतं वळवून नीट झोपवलं, नाकातली नळी काढली, तोंड पुसलं, केस विंचरले. ललिता पायाशी उभी राहून हमसत होती. "दादा, आपण वेळेत आणलं होतं ना? सगळे म्हणाले वेळेत आणलं. मग काय चुकलं?"

"तू नाय चुकलीस," मी म्हणालो. "मी तिला पेज पाजली. नाय म्हणून सांगितलेलं असताना. आणि विचारलं तेव्हा खोटं बोललो."

ललिताचं रडणं थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. मी हात पुढे केला. ती माझ्या बाजूनं आली नाही. पलंगाला वळसा घालून सिस्टरकडे गेली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून पुन्हा रडायला लागली. सिस्टरनं एका हातानं तिला धरलं, दुसऱ्या हातानं फुलाबाईवरची चादर सारखी केली.

मी होतो तिथंच उभा राहिलो.