त्याच्यासाठी ठेवलेलं बेअरिंग

गाडीचं बेअरिंग गेलंय हे घरात सगळ्यांना कळलं होतं, अगदी चिमीलासुद्धा. गाडीने जरा वेग घेतला की मागच्या डाव्या चाकातून घूंऽऽ असा घुमारा उठायचा, आणि सव्वा वर्षाची चिमी आपल्या सीटवरून त्याच्या सुरात सूर मिसळायची. सासूबाई म्हणायच्या, "उतरलं बाई विमान!"

सून हसायची. पण खरं सांगायचं तर तो आवाज तिला हवासाही वाटायचा. बेअरिंग हे त्याचं काम होतं.

नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर गेल्यापासून ती घरातली कामं त्याच्यासाठी राखून ठेवायची. पडद्याची दांडी एका बाजूने लोंबत होती, लोंबू दे. मोरीतला नळ ठिबकत होता, खाली बादली. फोनवर ती एकेक सांगायची, "हे तुझ्याशिवाय व्हायचं नाही हं." तो म्हणायचा, "आलो की करतो." 'ये' असं मात्र ती कधीच म्हणाली नव्हती. दांडी म्हणतेय, नळ म्हणतोय, मग आपण कशाला तोंड वेंगाडायचं?

मागच्या खेपेला त्याने नवं बेअरिंग हबसकट, म्हणजे चाक बसतं त्या गाभ्यासकट, आणलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला बोलावणं आलं. "कुणाला हात लावू देऊ नका, मीच बसवणार," असं बजावून तो गेला. खोका कपाटावर चढून बसला. त्यानंतर सुट्टी दोनदा पुढे गेली.

मग परवा पंक्चर काढताना दुकानदाराने जॅकवरचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि तोंड वाकडं केलं. "ताई, चाक खुळखुळतंय. बाळाला घेऊन फिरू नका यातनं."

म्हणून आज दुपारी चिमी झोपल्याबरोबर तिने खोका खाली काढला.

"हे काय गं?" सासूबाई दारात.

"बसवते."

"तू?"

"मग काय चिमी बसवणार?"

"अगं, तो येईलच की आता."

"कधी, आई?"

सासूबाईंनी पदराने उगाच तोंड पुसलं. "थांब. चष्मा आणते."

तिला यातलं अगदीच काही कळत नव्हतं असं नाही. पुढचे ब्रेक त्याने बदलले तेव्हा बॅटरी धरून तीच बसली होती. आणि चिमीला पाजता पाजता फोनवर हेच काम तिने इतक्या जणांना करताना पाहिलं होतं, की त्यातल्या एकाची खाकरायची सवयसुद्धा तिला पाठ झाली होती. तिने पुढच्या चाकांना विटा लावल्या, गाडी गिअरमध्ये टाकली, हॅण्डब्रेक सोडला. पान्यावर उभी राहून चाकाचे नट ढिले केले. गाडी जॅकने उचलून लोखंडी घोडीवर टेकवली आणि चाक काढलं. ब्रेकचा चिमटा, म्हणजे कॅलिपर, सोडवून तारेने वर टांगला, ब्रेकच्या नळीवर भार यायला नको म्हणून.

इथवर झकास. पण ब्रेकची डिस्क काही केल्या निघेना. तेल सोडलं, फडकं धरून हातोडी मारली, नाही नाही ते बोलली. डिस्क ढिम्म. घामाने केस कपाळाला चिकटले, आणि एकदम रडूच आलं. त्याच्या एका झटक्यात निघाली असती. तो इथे असता तर.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "आई, गाडीत कोण गेलं होतं?"

"मी. हॅण्डब्रेक खाली होता, वर ओढला."

"आई!"

"ओरडतेस काय? तो काय सांगून गेलाय? गाडी उभी की हॅण्डब्रेक वर. त्यात तू तिथे खाली लोळतेयस."

"अहो, त्याच ब्रेकने आतून डिस्क धरून ठेवलीय! मी मघापासून तुमच्याशीच कुस्ती खेळतेय."

दोघी हसत सुटल्या. हसता हसता सासूबाई म्हणाल्या, "मला एवढं एकच काम देऊन गेलाय गं तो." आणि मग कुणीच हसेना.

सासूबाईंनीच जाऊन हॅण्डब्रेक सोडला. डिस्क सरकन हातात आली. सेन्सरची वायर काढली, मागचे चार बोल्ट सोडवले. गंजून बसलेला हब बऱ्याच ठोकाठोकीनंतर सुटला. तो तिने हातात फिरवून पाहिला, तर आत वाळू भरल्यासारखी खरखर. नवा फिरवला, तर काही म्हणजे काहीच जाणवेना. जागा ब्रशने घासून तिने तो बसवला, बोल्ट हाताने लावले आणि पाना घेऊन थांबली. हे आवळले की त्याचं इथलं एक काम कमी होणार होतं.

"काय झालं?" सासूबाई.

"काही नाही." तिने आवळायला घेतलं.

संध्याकाळी तिघी मोठ्या रस्त्याला चक्कर मारून आल्या. गाडी गप्प. चिमीने एकदा घूंऽऽ केलं, चाकाकडे कान देऊन वाट पाहिली, पुन्हा केलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत बसल्या.

रात्री त्याचा फोन आला तेव्हा ती नखांतलं काळं घासून काढत होती.

"काय म्हणतंय विमान?"

"बसलं. मीच बदललं."

आवाज पोचायला लागतो तेवढा वेळ गेला, मग तो मोठ्याने हसला. "तू? आणि हब निघाला कसा?" तिने सगळं सांगितलं, हॅण्डब्रेकसकट. तो खोदून खोदून विचारत राहिला. कितीतरी महिन्यांत दोघं इतकं बोलली नव्हती. मग तो म्हणाला, "मला ठेवलंच नाहीस काही."

"दांडी आणि नळ उद्या करणार आहे."

"अगं, मग मी येऊन करू काय?"

"काही करू नकोस. नुसता ये." शब्द तोंडातून गेले तशी ती नखं घासायची थांबली. "मला एकटीला नाही करमत."

पलीकडे वारा घोंगावत होता. "इकडे माणसं कमी आहेत गं," तो हळूच म्हणाला. "मला काय वाटत नाही का?"

"वाटतं तर तारीख सांग."

तिकडे कुणीतरी त्याला हाक मारली. पुन्हा मारली. तो फोन ठेवून गेला नाही. तिने ओला हात चिमीच्या वाळत घातलेल्या फ्रॉकच्या कडेला पुसला आणि फोन कानाला तसाच धरून उभी राहिली.