नकाशावरचा डाग

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे आणि माझ्यावर एक चूक लिहिलेली आहे. ती मला माहीत होती, पण सांगणार कशी? नकाशाला तोंड नसतं, नुसत्या घड्या असतात.

माझा जन्म १९८९ सालचा, झांबियातल्या एका आडबाजूच्या जिल्ह्यातला. सुलेखा नावाची पुण्याची नर्स आणि तिचा डॉक्टर नवरा शिरीष तिथल्या छोट्या इस्पितळात होते. लस टोचायला गावोगाव जायचं, तर छापील नकाशात निम्मी गावंच नव्हती. मग सुलेखानं जुन्या कॅलेंडरची चार पानं मक्याच्या पिठाच्या खळीनं जोडली आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर मला काढलं. सायकलच्या कॅरिअरवर बसून मी इतकं हिंडलो, की कोपरे झिजले. गावं सापडत गेली, तसा मी भरत गेलो.

एका सप्टेंबरात ती एका रुंद, सखल माळापाशी पोहोचली. गवत जाळलेलं, सगळं काळंठिक्कर. ना घर, ना पीक. असल्या जागेला तिकडे ‘दांबो’ म्हणतात, एवढंच तिला कळलं. तिनं लाल शाईनं मराठीत लिहिलं : पडीक.

महिन्याभरात, ऑक्टोबरातल्या तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, गावातल्या विहिरी आटल्या. सुलेखा पुन्हा त्याच माळाच्या कडेला घाम पुसत बसली. सोबत इस्पितळातली मदतनीस बाना चांदा, म्हणजे चांदाची आई. तिकडे बायांना लेकराच्या नावानं हाक मारतात. बाना चांदानं त्या काळ्या मातीत कोपरभर खड्डा केला. जरा वेळानं तळाशी पाणी झिरपलं. तिनं पत्र्याचा मग भरला आणि थेट माझ्यावर टेकवला.

“पी, सिस्टर. उन्हाळाभर सगळं गाव हेच पितं. आणि पलीकडे आमचे भोपळे आहेत. तुझ्या कागदाला दिसले नाहीत वाटतं?”

दोघी हसल्या. सुलेखा दोन मग प्यायली आणि म्हणाली, संध्याकाळी दुरुस्त करते. त्या संध्याकाळी तीन बाळंतपणं आली. शब्द तसाच राहिला. मगाचा गोल डागही राहिला, बरोबर त्या शब्दाभोवती. त्या डागाची मला फार लाज वाटे.

पुढे आम्ही न्यूझीलंडला, जॉन्सनव्हिलला आलो. सुलेखाला नोकरी मिळाली. शिरीषची मात्र इथल्या डॉक्टरकीची परीक्षा एकदा हुकली, मग दुसऱ्यांदा. तोवर तो कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे किराणा दुकानात, दूध-पाव विकत होता. मी जँडल्सच्या, म्हणजे रबरी चपलांच्या, खोक्याखाली पडून. वारा खिडक्या हलवायचा, शिरीष पाय हलवायचा. घरात काही म्हणता काही स्वस्थ बसत नव्हतं.

१९९६च्या एका रविवारी त्याचा कॉलेजातला मित्र धैर्यशील एक चकचकीत पुस्तिका घेऊन आला.

“तुमचाच जिल्हा बघ, शिरीष! लाकूड, मासे, रंगीत खडे. आणि जमीन, नव्व्याण्णव वर्षांच्या करारानं. चर खणून माळाचं पाणी उतरवायचं की ऊसच ऊस. दुकानात किती दिवस काढणार? सही कर, उद्या फॅक्स करतो.”

“पण ती जागा मोकळी आहे का?” असं म्हणत शिरीषनं मला बाहेर काढलं. धैर्यशीलचं बोट नेमकं तिथंच पडलं.

“हे काय! वहिनींनीच लिहून ठेवलंय. पडीक!”

मित्रांनो, मी जीव खाऊन फडफडलो. त्यांनी उठून खिडकी लावली.

शिरीषनं पेनचं टोपण काढलं, तेवढ्यात सुलेखा ड्यूटीवरून आली. पुस्तिका पाहिली, मला पाहिलं. मग कोट न काढताच खाली बसली आणि डागावर बोट ठेवलं.

“शिरीष, हा डाग कशाचा आहे माहितीये? त्या पडीक जमिनीतल्या पाण्याचा. ऑक्टोबरातल्या.”

“अहो वहिनी, सगळं कायदेशीर आहे.”

“असेल हो भावजी. चूक मी लिहिली, तुम्ही फक्त वाचलीत. चर खणलेत की बाना चांदाच्या गावानं प्यायचं काय?”

शिरीषनं मान वर केली नाही. “मग मी काय करू, सुलू? जन्मभर दूधच विकू?”

“वीक. पुन्हा परीक्षेला बस. नाहीतर खुशाल चीड माझ्यावर. पण त्यांचं पाणी विकू नकोस.”

मग शिरीषनं ते उघडं पेन सुलेखापुढे धरलं. तिनं ‘पडीक’वर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं : इथं पाणी आहे. बाना चांदाला विचारा. धैर्यशीलनं चहा संपवला, पुस्तिका उचलली आणि सही मिळवायला दुसऱ्या कुणाच्या दाराकडे वळला. काळजी मला त्याचीच वाटते. दुसऱ्या दारात माझ्यासारखा डागाळलेला कागद असेल का?

आता मी भिंतीवर आहे. मित्रांनो, जुने नकाशे जपा, पण काचेआड कोंडू नका. काचेआड आमच्यावरची चूक खोडता येत नाही. आणि कुठल्याही कागदावर ‘इथं काही नाही’ असं दिसलं, तर तिथं उन्हाळ्यात जा, आणि कुणी मग पुढे केला तर आधी पाणी प्या.