द्वारकाबाईचा होकार

भाकरी थापता थापता द्वारकाबाई नवऱ्याला म्हणाली, "करू म्हणते मी ह्या छातीतल्या गाठीचं आपरेशन."

बन्सी चुलीपुढं बसला होता. "सत्तरीला आलीस. सोसंल का?"

"आता काय कमी सोसायलेय? पोरांचे संसार मार्गी लागले, सासूबाई गेल्या. आत्ता कुठं उजाडल्यावर उठायला मिळायलंय. इतक्यात कशाला मरू?"

"म्हंजी झोपेसाठी जगायचंय व्हय?" बन्सी हसला.

"हसा. पण दादांना तुम्हीच सांगा."

दादा म्हणजे बन्सीचे थोरले भाऊ काकासाहेब. पिशोरच्या त्या घरात थोरल्या दिरासमोर बायका तोंड उघडत नसत. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी द्वारकाबाईचं म्हणणं दादांकडं जायचं ते बन्सीच्या तोंडून. आजवर त्यानं ते नेमानं पोचवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बन्सी काही सांगायच्या आतच दादांनी जीप काढली आणि दोघांना औरंगाबादला नेलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले. गाठ अजून पसरलेली नव्हती. स्तन काढला तर बरं होण्याची आशा होती. वय झालेलं असलं तरी तब्येत धड होती.

"नको बाई," दादा म्हणाले. "आमची चुलती अशीच टेबलावर गेली. हिला कापाकापी नको. काय गोळ्या द्यायच्या त्या द्या." बोलताना त्यांचे डोळे भरून आले.

"आजी, तुमचं काय म्हणणं?"

द्वारकाबाईनं पदर हनुवटीपर्यंत ओढला होता. पदराआडून तिनं बन्सीकडं पाहिलं. बन्सीच्या ओठांवर शब्द आले होते. पण दादांचे डोळे पुसून व्हायचे होते. त्यांना घरी एकटं गाठून सांगू, असं त्याला वाटलं.

"दादा म्हणतात तसं करा," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. "लाजते ती," दादा म्हणाले, आणि गोळ्या लिहून झाल्या. परतताना औरंगपुऱ्यात जीप थांबवून त्यांनी तिच्यासाठी द्राक्षं घेतली.

"सांगितलं नाय तुम्ही," घरी आल्यावर ती म्हणाली.

"सांगतो. जरा निवांत होऊ दे."

मग गव्हाची काढणी आली. पुढं दादांच्या नातीचं लग्न निघालं. दादा लगबगीत, आनंदात होते. द्वारकाबाईनं एकदोनदा आठवण केली, नंतर विचारणं सोडून दिलं. गोळ्या मात्र वेळेवर घेत राहिली.

तिचा हात सुजला आणि कंबर धरली, तेव्हा बन्सी गोठ्यात जाऊन दादांना सगळं बोलला.

"गाढवा, तव्हा का नाय बोललास? मी काय तिचा वैरी व्हतो?" दादा ओरडले. हातातली वैरण तशीच टाकून त्यांनी जीप काढली.

यावेळी डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरून दाखवला. आजार हाडांत उतरला होता. आता ऑपरेशनचा उपयोग नव्हता.

बाहेर बाकावर द्वारकाबाई बसली. दादा तिच्यापुढं येऊन उभे राहिले.

"बोलायचं व्हतंस गं पोरी. ती बाई दोनदा इचारत व्हती."

द्वारकाबाईनं पदर पुढं ओढला आणि बन्सीकडं तोंड केलं.

"सांगा दादांना," ती म्हणाली, "मी बोलले होते म्हणावं."

दादा हातभर अंतरावर होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. तरी ते बन्सीच्या तोंडाकडं बघत राहिले, तो सांगेल म्हणून.